सुट्टी न टाकता

सुट्टी टाकली नाही.
टाकली असती तर कारण लिहावं लागलं असतं
आणि कारण मला अजून ठाऊक नाही.
पहाटे अजनीला उतरले,
पाठीवर लॅपटॉप, चार्जर,
अंगात पुण्यात कधी न लागणारा मोरपंखी स्वेटर.

शंकरनगरच्या चौकात धुकं नव्हतं, धूर होता.
कुणी खोकी जाळून शेकत बसले होते.
सरकून जागा दिली,
कुठली, कशाला, विचारलं नाही.
मी हात पुढे केले.
माझ्याआधी बोटांना आठवलं.

साडेनऊची मीटिंग.
मेस होती तिथे आता कॅफे आहे.
सॉकेटजवळचं टेबल धरलं.
अंदाजाने सांगते, इथेच कुठेतरी
भोयरकाकूंचा तवा असायचा.
महिना अठराशे, रविवारी रात्री बंद,
खाडे कापून मिळणार नाहीत.
कॉफी दोनशे वीस.
कॅमेरा बंद ठेवला.
जांभळ्या गोलातली माझ्या नावाची दोन अक्षरं
बोलत राहिली:
काल हे केलं, आज ते करीन,
अडचण काही नाही.

जेवणाच्या सुट्टीत कॉलेजच्या गेटवर
वॉचमनने ओळखपत्र मागितलं.
गळ्यातलं कंपनीचं दाखवलं,
तर म्हणाला, हे इथलं नाही ना, मॅडम.
बरोबर आहे.
सुतळीने बांधलेल्या पेनने लिहिलं: नाव, वेळ.
'कोणाला भेटायचे' हा रकाना
बराच वेळ कोरा.
मागे डबेवाला पोरगा खोळंबला
म्हणून लिहिलं, लायब्ररी.

ऊन तिथे अजून वेळ पाळतं.
दोनला टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर,
पाऊण तासाने फरशीवर.
इथे आश्लेषा बसायची पाय वर घेऊन,
मोज्यांना भोकं,
आणि संत्र्याची सालटं खिशात कोंबायची
कुणाला कळू नये म्हणून.
सगळ्या हॉलला कळायचं.
तिचा नंबर आहे माझ्याकडे.
तीन फोन बदलले, प्रत्येकात आपोआप आला.
भांडण कशावरून,
तर प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर
नाव कुणाचं वर.

चारचा कॉल गोकुळपेठेत, पोह्यांच्या गाडीपाशी, उभ्याने.
माइक बंद आहे असं मला वाटलं.
"तर्री टाकू का अजून?"
"टाका ना भाऊ, काहून विचारता?"
अकरा जणांनी ऐकलं.
माझ्या तोंडून 'काहून' बारा वर्षांनी निघाला,
तोही रिलीजच्या तारखेवर चर्चा चालू असताना.
डब्लिनहून कुणी विचारलं, सगळं ठीक?
आणि एक जण,
ज्याच्याशी तीन वर्षं मी फक्त
तिकिटांच्या आकड्यांत बोलले,
त्याने खाजगीत लिहिलं:
'ताई, नागपुरात आहात?
मी गोंदियाचा.
तुम्ही खाऊन घ्या, तुमचं मी सांगून टाकतो.'
त्याने सांगितलं.
मी खाल्लं. नाकातून पाणी आलं, तिखटाने,
बहुतेक तिखटानेच.

साडेपाचलाच सूर्य फुटाळ्यात गेला.
कठड्यावर बसून लॅपटॉप मांडीवर,
बॅटरी बारा टक्के, तेवढीच ऊब.
पाच मिनिटं कळ दाबली नाही
की नावाजवळचा हिरवा ठिपका पिवळा होतो:
जागेवर नाही.
एरवी मी मधूनमधून बोट फिरवते.
आज होऊ दिला.
पाणी काळं झालं, पलीकडे भुट्ट्यांच्या शेगड्या लागल्या.
तिचा नंबर काढला,
नावाकडे पाहिलं,
'आश्लेषा लायब्ररी' असं लिहिलेलं.
ठेवून दिला. मग पुन्हा काढला.
रिंग गेली. चार वेळा. कुणी उचलला नाही.
निदान तिच्याकडे आता
माझा एक मिस्ड कॉल आहे.

परतीच्या गाडीत
समोरचे काका उशी फुगवता फुगवता थांबले,
म्हणाले, संत्री आहेत वाटतं तुमच्याकडे?
मी स्वेटरच्या खिशात हात घातला.
नाही हो, म्हटलं,
सालटं आहेत.